सूचक, अनुमोदक

“आज कोणी गेलंय का बघा जरा. नाहीतर सभा चालवावी लागेल.”

सभागृहाच्या मागच्या जिन्यात हे वाक्य माझ्या कानावर पडलं. बोलणारे गृहस्थ खालच्या पायरीवर उभे राहून चहा पीत होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, काखेत गुंडाळलेली कार्यपत्रिका. आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. बाहेर ऊन फार आहे का, असं विचारावं तितक्या सहज त्यांनी विचारलं होतं.

“एक कीर्तनकार आहेत,” कठड्याला टेकलेला दुसरा म्हणाला. “पण ते गेल्या आठवड्यात गेले. चालतील?”

“न चालायला काय झालं? ते काय आता कुठे जाणारेत?”

मग दोघांना मी दिसले. जिन्याच्या वळणावर, हातात आईचा डबा घेऊन, भिंतीला चिकटून उभी. पहिले गृहस्थ बशी खाली ठेवून हसले. “कुणाची गं तू?”

साधा प्रश्न. पण त्या उन्हाळ्यात कुणाची हे सांगणं म्हणजे कुठल्या बाजूची हे सांगणं होतं. “डबा द्यायचाय,” एवढंच म्हणून मी त्यांच्यामधून वर गेले. मागून कुजबुज आली.

“त्या अपक्षबाईंची मुलगी. ऐकलं वाटतं सगळं.”

“ऐकू दे. इंग्लिश मीडियमची आहे, काय कळतंय.”

एप्रिल आला की मला हा जिना आठवतो. कात्रजहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरचे गृहस्थ वर्तमानपत्र पूर्ण पसरून वाचतात, त्यामुळे एक पान मलाही मिळतं. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यात आतल्या कोपऱ्यात एक छोटी बातमी हमखास असते. श्रद्धांजली वाहून सभा तहकूब. कोण गेलं, हे बातमीत असतं. काय राहून गेलं, हे नसतं. बसचा एसी चालू असतो, काचांना पडदे असतात, आजूबाजूची मुलं कानात वायर घालून झोपलेली असतात, आणि मला तापलेल्या रबरी पाइपचा वास येऊ लागतो. टँकरच्या पाइपचा. त्या वासाबरोबर वेलदोड्याचा, उतरलेल्या आंब्याचा आणि हॉस्पिटलच्या फिनेलचा वासही येतो. हे सगळे वास एकाच उन्हाळ्यातले आहेत, म्हणून ते माझ्याकडे एकत्रच येतात.

तहकूब हे मला लहानपणी माणसाचं नाव वाटायचं. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा नगरसेवक होते. ते संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणायचे, “तहकूब.” बाबा म्हणायचे, “आज पण?” मला वाटायचं, हा तहकूब रोज सभेला येतो आणि काहीतरी बिघडवून जातो. मी त्याचा चेहरासुद्धा ठरवला होता. बारीक मिशा, हातात बंद छत्री. मोठेपणी अर्थ कळला, पण तो माणूस काही पूर्ण गेला नाही. एखादी गोष्ट होता होता राहिली की अजूनही मला तो दारातून बाहेर पडताना दिसतो.

त्या वर्षी तो माझ्याकडेही आला होता. इंजिनिअरिंग संपलं होतं, एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं आणि जॉइनिंगची तारीख दर काही आठवड्यांनी पुढे ढकलली जात होती. सायबर कॅफेत जाऊन मी मेल उघडायची. फार सभ्य इंग्रजी असायचं. अमेरिकेतली परिस्थिती, आमच्याविषयीची आस्था आणि शेवटी, नवी तारीख लवकरच कळवू. मी घरी येऊन अण्णांना अर्थ सांगितला.

“म्हणजे तहकूबच की,” अण्णा म्हणाले. “कोण वारलं त्यांच्याकडे?”

अण्णा मूळचे वऱ्हाडातले. मास्तर म्हणून इकडे आले, कात्रजच्या पुढे तेव्हा गाव होतं तिथे घर बांधलं, आणि पुढे लोकांनी त्यांना निवडून दिलं. राग आला किंवा लाड आले की त्यांच्या तोंडी “काहून” यायचं, एरवी ते इथल्यासारखंच मोजकं आणि कोरडं बोलत. ते निवडून आले त्याच्या आधीच आमचं गाव शहराच्या हद्दीत गेलं होतं. पाटी आली, घरपट्टी आली, पाणी आलं नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची आणि टँकर यायचा. टँकरच्या रांगेत आई सगळ्या बायकांचे नंबर लावून द्यायची, भांडणं मिटवायची. एवढीच तिची राजकीय पात्रता. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा दोन्ही पक्षांनी कुणाच्या ना कुणाच्या पत्नीला उभं केलं, आणि रांगेतल्या बायकांनी आईला. आई अपक्ष म्हणून निवडून आली. तिने एकच वचन दिलं होतं, नळाचं.

सभागृहात महापौरांच्या एका हाताला एक पक्ष बसायचा, दुसऱ्या हाताला दुसरा. मी पुस्तकातलं लेफ्ट आणि राइट वाचलेली मुलगी. पहिल्यांदा गॅलरीत बसले तेव्हा विचारधारा शोधत होते. तिथे फक्त बाकं होती. दोन्ही बाकांची संख्या सारखी, आणि मध्ये, दाराजवळच्या खुर्चीवर, आई. तिने दोघांनाही सांगून टाकलं होतं, वाढीव हद्दीत जलवाहिनी टाकण्याचा माझा ठराव जो मंजूर करून देईल त्याला माझं मत. तिला वाटलं होतं, याने काम सोपं होईल. झालं उलटं. पाणी द्यायला दोन्ही बाजू तयार होत्या. दुसऱ्याने दिलेलं पाणी दोघांनाही नको होतं. त्यामुळे सभेच्या दिवशी जी बाजू कमी भरली असेल, ती कुणीतरी गेलेला माणूस शोधून आणायची. श्रद्धांजलीला विरोध कोण करणार? सगळे उभे राहायचे, दोन मिनिटं मान खाली, आणि सभा तहकूब. आईचा ठराव कार्यपत्रिकेवर होता तिथेच, पुढच्या सभेसाठी.

मराठी वाचायला मी खरी शिकले ती या कार्यपत्रिकांवर. शाळेत मराठी तिसरी भाषा होती, पास होण्यापुरती. त्या उन्हाळ्यात अण्णांची नजर अधू झाली होती, म्हणून दुपारी मी त्यांना वाचून दाखवायची. ‘मा. महिला नगरसेविका यांनी मांडलेला विषय मागील सभेवरून पुढे चालू.’ मी अडखळले की ते थांबवायचे. “सूचक म्हणजे मांडणारा. अनुमोदक म्हणजे त्याला होय म्हणणारा. एकट्याच्या बोलण्याला सभेत किंमत नाही. कुणीतरी होय म्हणावं लागतं.”

“आणि कुणीच म्हटलं नाही तर?”

“तर तो माणूस बोललाच नाही, असं धरतात.”

मी न बोलणाऱ्यांपैकीच होते, त्यामुळे हा नियम मला भीतीदायक वाटला.

त्या दिवसांत आमच्या घरात कुणीही नुसता येत नव्हता. सहज आलो होतो, असं म्हणणारा माणूस दारातल्या चपला बघायचा, आधी कोण येऊन बसलंय ते ओळखायला. मीही बघायला शिकले. कोल्हापुरी म्हणजे एका बाजूची माणसं, काळे बूट म्हणजे दुसऱ्या. एका सकाळी दोन्ही बाजूंकडून आंब्याची एकेक पेटी आली. आईने दोन्ही जिन्याखाली ठेवल्या. एक परत पाठवली तर दुसऱ्याला होकार होतो, दोन्ही परत पाठवल्या तर दोन्ही दुखावतात, आणि खाल्ल्या तर काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

“आंबा खाऊन माणूस पक्ष बदलतो काय?” अण्णांनी विचारलं.

“माणूस नाही हो बदलत, अण्णा. बघणारे बदलतात.”

त्या पेट्या तिथेच पिकल्या, मग उतरल्या. घरभर गोड, आंबूस वास भरला. शेवटी शेजारच्या गोठ्यात गेल्या. गोठेवाल्याने मला हळूच विचारलं, “कुन्या पार्टीच्या हाईत? न्हाई, म्हशीला सांगावं लागंल.”

मी हसले, पण संशय माझ्याही अंगात मुरत होता. फोन वाजला की आई तो गच्चीवर घेऊन जायची आणि हळू बोलायची. मी गच्चीच्या दारात कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने उभी राहायची. “हो, कळलं,” “त्यांना सांगू नका,” असे तुकडे यायचे. त्यांना म्हणजे कुणाला? मला वाटायला लागलं, आईने आतून कुणाला तरी होकार दिलाय आणि आपल्याला, अण्णांनाही, अंधारात ठेवलंय. जेवताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघायची. ती विचारायची, “काय गं?” मी म्हणायची, “काही नाही.” आमचं दोघींचं बोलणं तेव्हा असंच झालं होतं, मांडलेलं आणि पुढे ढकललेलं.

आता माझं काम टेस्टिंगचं आहे. चालतंय म्हणून जे सांगितलं जातं ते चालत नाही असं धरून बघायचं. टीममधले लोक म्हणतात, तुला हे बरं जमतं. मी त्यांना काय सांगणार?

दोन्ही पक्षांचे नेते अण्णांचे विद्यार्थी होते. दिनकरकाका आणि वसंतकाका. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेले. स्कॉलरशिपच्या अभ्यासाला ते अण्णांकडे यायचे आणि आजीच्या हातचा, बेसनाचे गोळे घातलेला वऱ्हाडी गोळाभात खाऊन जायचे, असं अण्णा सांगत. पुढे काहीतरी फाटलं. प्रत्येकाकडे त्याचं वेगळं कारण होतं. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आधी एकच सभा उरली, तेव्हा अण्णा आईला म्हणाले, “दोघांना जेवायला बोलाव. तोच गोळाभात कर.”

बोलावल्या वेळेला मी गच्चीवरून बघितलं. एक पांढरी गाडी गल्लीच्या या तोंडाला, एक पांढरी गाडी त्या तोंडाला. दोन्हींची इंजिनं चालू. जो आधी येईल तो गरजू ठरणार, म्हणून दोघंही दुसऱ्याच्या आत जाण्याची वाट बघत बसले होते. मी खाली येऊन सांगितलं. अण्णा काठी टेकत दारात गेले आणि दोन्हीकडे बघून ओरडले, “गाड्यांना तिथेच वाढायचं का?”

दोन्ही दारं एकदम उघडली.

दोघं अण्णांच्या पाया पडायला एकदम वाकले आणि डोकी आपटता आपटता राहिली. मग बसण्याचा प्रश्न. दाराकडे पाठ कुणालाच नको होती, म्हणून दोघंही एकाच बाजूला, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. वर्गातल्यासारखे. मी पन्हं आणलं. वेलदोडा जरा जास्त पडला होता. ट्रे पुढे केला तर कुणीच ग्लास उचलेना. मी नवखी, मला वाटलं पन्हं आवडत नसेल. मग लक्षात आलं, दोघंही एकमेकांच्या हाताकडे बघत होते. अण्णांनी पहिला ग्लास उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, “मेलो नाही. घ्या आता.”

वसंतकाका हसले. दिनकरकाकाही हसले, पण त्यांच्यानंतर.

गोळाभातावर आईने फोडणी वाढली तेव्हा मात्र काहीतरी सैल झालं. “काकूंच्या हातचा असाच असायचा,” दिनकरकाका म्हणाले. “तू माझे गोळे चोरायचास,” वसंतकाका म्हणाले, आणि चक्क त्यांना तू म्हणाले. सभागृहात ते एकमेकांना ‘सन्माननीय सदस्य’ म्हणायचे, दात आवळून. मी दारात भाताचं पातेलं घेऊन उभी होते आणि मला वाटलं, झालं. नळ आला.

अण्णांना तेच वाटलं असणार. हात धुऊन ते म्हणाले, “हे बघा. सूचक माझी सून. अनुमोदक तुमच्यापैकी एक. एकमताने मंजूर. पान खायला लागतो त्याहून कमी वेळ.”

“अनुमोदक कोण?” दोघांनी एकदम विचारलं.

“कुणीही व्हा.”

“मी होतो की,” दिनकरकाका म्हणाले. “माझी काहीच हरकत नाही.”

“म्हणजे पाणी यांनी आणलं, अशी पाटी लागणार.” वसंतकाकांचं ‘तू’ गेलं होतं.

“मग दोघंही व्हा.”

“आधी नाव कुणाचं?”

“काहून रे? मुळाक्षरांप्रमाणे लिहा.”

वसंतकाकांनी बोटांवर मोजलं. “मुळाक्षरांत द आधी येतो, अण्णा. तुम्हीच शिकवलंय.”

“बरं, आडनावाप्रमाणे.”

“आडनावाने मी मागे जातो,” दिनकरकाका म्हणाले.

मला हसू येत होतं. बाहेर टँकर आल्याचा हॉर्न झाला. आई दोघांकडे न बघता कळश्या घेऊन उठली. तिच्या कळश्यांच्या आवाजात दोघंही खाली बघत बसले होते, पण एकानेही, जाऊ दे, त्याचं नाव आधी लिहा, असं म्हटलं नाही.

अण्णा फार हळू बोलले. “एक लक्षात ठेवा. उद्या मी मेलो तर मला वापरू नका. आधी पाण्याचं घ्या. मग काय ती दोन मिनिटं उभे राहा.”

“अहो, काय हे अण्णा, शुभ बोला,” दोघंही म्हणाले. वसंतकाकांनी तर कानाला हात लावला.

“मग? काय करताय?”

“बघू,” दिनकरकाका म्हणाले.

“बघू ना,” वसंतकाका म्हणाले.

आमच्या शहरात बघू या शब्दाला एकच अर्थ आहे. गाड्या आल्या तशा गल्लीच्या दोन तोंडांनी गेल्या. आमच्याकडे पाणी आलं ते पुढे, वेगळ्या सभागृहात, त्या दोघांपैकी कुणीही तिथे नसताना. त्या दिवशी पानात उरलेल्या गोळ्यांवर माश्या बसल्या, आणि अण्णा कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, “यांना मी वजाबाकी चांगली शिकवली.”

त्यानंतर काही दिवसांतच अण्णांना धाप लागली आणि हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. हृदय थकलं होतं, फुफ्फुसात पाणी साठत होतं. डॉक्टरांनी प्यायच्या पाण्यावर बंदी घातली. तोंड कोरडं पडलं की कापसाचा बोळा ओला करून ओठांवर फिरवायचा. अण्णा मास्कमधून म्हणाले, “इथेही टँकरच का?”

शेवटच्या सभेच्या दिवशी आई आयसीयूच्या दारातून हलायला तयार नव्हती. अण्णांनी तिला आत बोलावलं. “तू जा. सूचक तू आहेस. सूचक जागेवर नसेल तर विषय आपोआप पडतो.”

“आणि अनुमोदक?” आईने विचारलं.

अण्णांनी डोळे मिटले. “हात वर करून उभी राहा. कुणाला तरी लाज वाटेल.”

आई गेली. दुपारी डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, बरे आहेत, वॉर्डात हलवू या. बाबा आणि मी त्यांना स्ट्रेचरवरून वरच्या मजल्यावर घेऊन गेलो. खिडकीजवळची खाट मिळाली. अण्णांनी पहिली गोष्ट केली ती पाणी मागण्याची. दुसरी, चष्मा मागण्याची. चष्मा आयसीयूत राहिला होता, म्हणून मी खाली आले.

अण्णांची खाट रिकामी होती, चादर काढलेली. मावशी फिनेलने फरशी पुसत होत्या. चष्मा त्यांनी जपून कपाटावर ठेवला होता. तो देताना म्हणाल्या, “तुमच्या आजोबांना बघायला आत्ता एक जण आलता. पांढरा शर्ट. ही खाट बघून म्हणला, अण्णा? मी म्हणलं, गेले की.”

“मग?”

“मग काय, अरेरे म्हणला आन् मोबाइल कानाला लावून जिना उतरला.”

“कुठे गेले, ते नाही विचारलं?”

“न्हाई बाई. लई घाईत व्हता.”

मी चष्मा हातात धरून उभी राहिले. गेले. आयसीयूतून वॉर्डात गेले, इतकंच मावशींना म्हणायचं होतं. त्या माणसाची खरंच चूक झाली असेल. पण त्याच्या ‘अरेरे’वर मी आजही विचार करते. ज्याला माणूस हवा असतो तो विचारतो, कुठे गेले? ज्याला बातमी हवी असते त्याला गेले एवढं पुरतं. तो कुठल्या बाजूचा होता, कोल्हापुरी की काळे बूट, मावशींनी बघितलं नव्हतं. मला तर वाटतं, दोन्ही बाजूंनी माणसं पाठवली असतील, आणि त्यातला एक आधी पोचला.

हॉस्पिटलबाहेरच्या कॉइन बॉक्सवरून मी आईला फोन लावला. बंद. सभागृहात मोबाइल बंद ठेवायचा नियम होता, आणि तो पाळणारी आईच असणार. मी धावत वॉर्डात गेले, चष्मा बाबांकडे दिला. अण्णा जागे होते. “घोटभर तरी दे गं,” ते म्हणाले. बाबा बोळा ओला करत होते. मी काही न सांगता जिने उतरले आणि रिक्षा केली. रिक्षात मी वाक्य तयार करत होते. आधी इंग्रजीत, मग मराठीत. एक्स्क्यूज मी पासून सुरू होणारं वाक्य त्या सभागृहात कसं बोलायचं, हेच मला कळेना. शाळेत असेंब्लीत माझं नाव पुकारलं की मी आजारी पडायची. गॅलरीच्या दाराशी कागद चिकटवलेला होता, प्रेक्षकांनी शांतता राखावी. मी तो नेहमी मनापासून पाळला होता.

दार ढकललं तेव्हा नगरसचिव वाचत होते. माईकची खरखर, पंख्यांचा घरघराट, आणि त्यात अण्णांचं पूर्ण नाव. माजी सदस्य, आदर्श शिक्षक, सर्व पक्षांना वंदनीय. त्यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा शोक व्यक्त करीत आहे आणि त्यांच्या स्मृतीस आदरांजली म्हणून सभेचे कामकाज तहकूब करण्यात यावे.

“सूचक,” सचिव म्हणाले, आणि दिनकरकाकांचं नाव घेतलं.

“अनुमोदक,” आणि वसंतकाकांचं.

कुणाचं नाव आधी, हे या वेळी कुणीच विचारलं नाही.

महापौर म्हणाले, “सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.” खुर्च्या सरकल्या. दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. त्या दोघांची नावं एकाच ठरावाखाली मी पहिल्यांदाच ऐकली होती. दिनकरकाकांची मान खाली होती, वसंतकाकांचे डोळे मिटलेले. ते खरंच रडत असतील. त्यांना खरंच वाईट वाटलं असेल. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि आता माहीत असून आवडत नाही.

दाराजवळच्या खुर्चीपाशी आई उभी होती. तिने पदर तोंडावर दाबून धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. सकाळी ज्यांना बोलतं सोडून आली, ते गेले हे तिला माईकवरून कळलं होतं. एवढ्या सगळ्या माणसांत तिच्याजवळ एकही माणूस सरकला नव्हता. गच्चीवरचे फोन, हळू आवाज, सगळं मला आठवलं. जिला घरातलं मरणसुद्धा सगळ्यांबरोबर ऐकावं लागतं, तिच्याशी कुठल्या बाजूने काय संधान बांधलेलं असणार? तिच्या उजव्या हातात कार्यपत्रिका होती, तिचा ठराव होता त्या पानावर बोट अडकवलेलं. तेवढं बोट तिने अजून काढलेलं नव्हतं.

गॅलरीतला शिपाई माझ्याकडे वळला. मी कठड्यापाशी पोचले होते. त्याने ओठांवर बोट ठेवलं. खाली महापौरांनी घड्याळाकडे बघितलं. आता ते मान वर करणार आणि तो एक शब्द उच्चारणार, आणि बारीक मिशांचा, बंद छत्रीवाला माणूस उठून दाराकडे निघणार. कठड्याचं लाकूड माझ्या तळव्याखाली घामाने ओलं झालं होतं. तयार केलेलं एकही वाक्य आठवेना, ना इंग्रजी ना मराठी. आणि मला अनुमोदक कुणी नव्हता.

“आई,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की पंखे थांबल्यासारखे वाटले. “अण्णा आहेत. वॉर्डात आहेत. पाणी मागताहेत.”